नदीकाठचं कोनी आयलंड

कोनी आयलंड म्हटलं की न्यूयॉर्क आठवतं. त्याच नावाची एक जागा अमेरिकेतल्याच सिनसिनाटीजवळ, ओहायो नदीकाठी होती. बेट वगैरे काही नाही. मुळात ती जेम्स पार्करची सफरचंदांची बाग. १८७०च्या सुमारास तो ती सहलींसाठी भाड्यानं देऊ लागला. १८८६मध्ये बोटवाल्यांनी जागा विकत घेतली. हिशोब सरळ होता: बोटीला उतारू हवेत, तर उतारूंना जायला ठिकाण हवं. पुढे कित्येक दशकं लोक शहरातून 'आयलंड क्वीन' या आगबोटीनं इथे यायचे. निम्मी सहल तर बोटीवरच व्हायची.

१९२५मध्ये इथे ४०१ फूट लांब आणि २०० फूट रुंद जलतरण तलाव झाला. तलाव कसला, तळंच ते!

पण हे सगळं फक्त गोऱ्यांसाठी. १९५२मध्ये मरियन स्पेन्सर यांच्या मुलांनी टीव्हीवर पार्कची जाहिरात पाहिली आणि जायचा हट्ट धरला. आईनं फोन लावून विचारलं, सगळ्या मुलांना प्रवेश आहे ना? उत्तर आलं, हो. मग तिनं सांगितलं, आम्ही कृष्णवर्णीय आहोत. उत्तर फिरलं. त्यांनी तो फोन विसरून जायचं नाकारलं. एनएएसीपी या संघटनेच्या साथीनं कोर्टात गेल्या. १९५५मध्ये फाटक उघडलं, पण तलाव आणि नाचघर वगळून! पाळण्यात शेजारी बसलेलं चालेल, पाण्यात नाही. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास माहीत असणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. तलाव खुला व्हायला १९६१ उजाडलं.

ज्या नदीनं माणसं आणली, तीच मुळावर उठली. १९३७च्या महापुरात सिनसिनाटीला पाणी ८० फुटांवर गेलं, पार्क बुडालं. १९४७मध्ये पिट्सबर्गला 'आयलंड क्वीन'चा स्फोट होऊन १९ कर्मचारी गेले. लोक मोटारीनं येऊ लागलेच होते; मग नदीकाठीच, पुराच्या तोंडी, अपुऱ्या जागेत कशाला राहायचं? १९७१च्या हंगामानंतर पार्क बंद झालं आणि बरेचसे पाळणे महामार्गालगतच्या नव्या 'किंग्ज आयलंड'ला गेले. ते १९७२मध्ये सुरू झालं. तेही बेट नाहीच.

तलाव मात्र मागे राहिला. पुढे त्याच्याभोवती थोडे पाळणेही परतले, २०१९नंतर तेही गेले. २०२३च्या अखेरीस जागा विकली गेली, संगीताच्या कार्यक्रमांच्या नव्या केंद्रासाठी. आणि ज्याचं पाणी सगळ्यांसाठी खुलं व्हायला फाटकानंतर आणखी सहा वर्षं लागली, तो तलावही बंद झाला.