नागफणी

नागफणी : (ड्यूक्स नोज). पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील, खंडाळ्याजवळचा प्रसिद्ध कडा. लोहमार्गाने वा द्रुतगती मार्गाने बोरघाट चढताना तो चटकन ओळखू येतो. माथा पुढे झुकलेला असल्याने फणा उगारलेल्या नागासारखा दिसतो, म्हणून नागफणी. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे बाकदार नाक दिसले. हा वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये फौजेसह पुण्यात आला तेव्हा मात्र तो ड्यूक नव्हता. ती पदवी त्याला १८१४ मध्ये मिळाली. तेव्हा कड्याचे हे बारसे त्यानंतरचेच. जवळच्या कुरवंडे गावाच्या वाटेवर आजही नागफणी हेच नाव चालते.

कडा दख्खनच्या बेसाल्टचा. पूर्वेला मावळचे पठार आणि पश्चिमेला तुटलेला कातळ, त्याखाली थेट कोकण. पायथ्याजवळून कुरवंडे घाटाची जुनी वाट उतरते. याच वाटेने निघालेल्या कारतलबखानाच्या मोगली फौजेला शिवाजी महाराजांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कोंडून शरण आणले.

माथ्यावर जाण्याच्या दोन वाटा रूढ आहेत. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावरून कुरवंडे गाव गाठले की पुढची चढण सोपी. दुसरी वाट खंडाळा स्थानकाकडून रानातून येते. तिच्यावर कातळटप्पे आहेत आणि फाटे फसवे आहेत. माथ्यावर महादेवाचे छोटे मंदिर आहे. समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले दिसतात.

कड्याची कातळभिंत थेट चढणे हे कसलेल्या प्रस्तरारोहकाचेच काम. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये पक्क्या थरांमध्ये ठिसूळ थर येतात. त्यामुळे हाताला आलेली प्रत्येक खोबण ठोकून पाहावी लागते आणि कपारीतल्या गवतावर भार टाकून चालत नाही. आग्या मोहोळांची धास्ती वेगळीच. आल्प्स वा हिमालयातले बर्फ आणि विरळ हवा इथे नाही. इथला शत्रू ऊन. म्हणून मोहिमा थंडीत होतात. पावसाळ्यात कातळ शेवाळतो आणि धुक्यात कड्याची धारही दिसत नाही.

खरे तर नागफणीचे नाव चढाईपेक्षा उतरण्यामुळेच अधिक गाजले. गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात इथे रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे) आणि दरी ओलांडण्याचे कार्यक्रम घेतात. नवख्याचा दोराशी पहिला परिचय अनेकदा इथेच होतो, पण दोर सोपा वाटू लागला की चूक होते. १८६५ मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराचा माथा प्रथम गाठणाऱ्या सात जणांपैकी चौघे गेले ते उतरताना, दोर तुटून. नागफणी परिसरातही वाट चुकण्याचे प्रसंग बहुधा परतीच्या वाटेवर येतात. अशा वेळी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते दोर, स्ट्रेचर घेऊन रात्री-अपरात्रीही दरीत उतरतात.