स्पंदनशील ताऱ्यांची रासायनिक घडण आणि विश्वातील अंतरांचे मोजमाप

बेंगळुरू : ठरावीक कालावधीने प्रसरण व आकुंचन पावणारे सेफीड तारे हे दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याचे प्रमुख साधन आहे. सेफीडचा स्पंदनकाळ जितका मोठा, तितके त्याचे मूळ तेज अधिक, हा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडला. मूळ तेज आणि पृथ्वीवरून दिसणारे तेज यांच्या तुलनेतून अंतर काढता येते.

मात्र समान स्पंदनकाळाचे सर्व तारे सारखे तेजस्वी नसतात. सेफीडचे दोन प्रकार असून वृद्ध, कमी वस्तुमानाचे तारे सुमारे दीड प्रतीने, म्हणजे जवळपास चौपटीने मंद असल्याचे वाल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. या दुरुस्तीमुळे देवयानी दीर्घिकेचे अंतर जवळपास दुप्पट झाले.

रासायनिक घडणीचाही परिणाम होतो. हायड्रोजन व हेलियम वगळता सर्व मूलद्रव्यांना खगोलशास्त्रात ‘धातू’ म्हटले जाते. अलीकडील मोजमापांनुसार धातूंचे प्रमाण दसपट झाल्यास अभिजात सेफीडचे तेज सुमारे ०.२ प्रतीने वाढते. हा फरक दुर्लक्षिल्यास अंतरात सुमारे दहा टक्क्यांची चूक होऊ शकते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सेफीडच्या आधारे प्रतिमेगापार्सेक सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर, तर आदिम प्रारणावरून सुमारे ६७ किलोमीटर येतो. या मतभेदाच्या चर्चेत अशा दुरुस्त्यांना विशेष महत्त्व आहे.

बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील सुनेत्रा गिरिधर आणि एन. कामेश्वर राव यांनी अमेरिकेतील डेव्हिड लॅम्बर्ट यांच्यासह आरव्ही टॉरी प्रकारच्या स्पंदनशील ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. हे तारे दुसऱ्या प्रकारच्या सेफीडमधील दीर्घ स्पंदनकाळाचे मानले जातात. त्यांपैकी अनेकांत लोह, कॅल्शियम व स्कँडियम कमी, तर गंधक व जस्त तुलनेने अधिक आढळले. लवकर घनरूप होणारी मूलद्रव्ये धुळीत अडकतात आणि उरलेला वायू पुन्हा ताऱ्यावर येतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे अशा ताऱ्याचे मूळ धातुप्रमाण केवळ लोहावरून ठरवल्यास फसगत होते. त्यासाठी गंधक व जस्त अधिक विश्वासार्ह ठरतात.

ताऱ्यांची रासायनिक घडण वर्णपटावरूनच कळते. त्यासाठी संस्थेकडे तमिळनाडूतील कावलूर येथे २.३४ मीटर व्यासाची वैनू बाप्पू दुर्बीण आणि लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. हानलेची दुर्बीण बेंगळुरूजवळील होसकोटे येथून उपग्रह संपर्काद्वारे चालवली जाते.