कोयता, मडके आणि १८७८चा अबकारी कायदा (थ्रेड)

मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वी माहीमच्या परिसरात माडांची दाट राने होती. पहाटे त्या माडांवर चढणारा माणूस बहुधा भंडारी असे. कमरेला कोयता, पाठीशी रस आणण्याचे भांडे आणि पायांना दोरीचा फास, एवढाच त्याचा सरंजाम.

माडी काढणे म्हणजे खोडाला भोक पाडणे नव्हे. खोडातून रस निघतो तो शिंदीचा. माडाचा रस मिळतो पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून. पोय दोरीने घट्ट आवळायची, काही दिवस हलक्या हाताने ठोकायची आणि मग तिचे टोक छाटायचे. ठोका जोरात बसला तर पोय वाया जाते. हळू बसला तर रस सुटत नाही. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ पातळ काप काढून जखम ताजी ठेवावी लागते. एक दिवसही खाडा चालत नाही. शिवाय छेद दिलेल्या पोयीला नारळ धरत नाही, म्हणजे बागाईतदाराला फळ किंवा रस यांपैकी एकच निवडावे लागे.

अशा झाडांवर कर पूर्वीही होता. परंतु १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि त्यामागून आलेल्या धोरणाने चित्रच पालटले. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे या धोरणाचे प्रमुख शिल्पकार. परवान्याशिवाय झाड छेदणे गुन्हा ठरला आणि पुढे झाडावरील कर वाढत गेला.

कारण उघड होते. उरणच्या भट्ट्यांत मोहाची दारू एका ठिकाणी तयार होई, तिथे पहारा बसवून पिंपागणिक शुल्क घेणे सोपे. माडी मात्र गावोगावच्या हजारो झाडांवर टपकत होती. मडके लपवता येते, झाड लपवता येत नाही. म्हणून कर झाडावर. रस भरपूर येवो वा पोय सुकून जावो, रक्कम तीच. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांसारख्या आदिवासींनाही याची झळ लागली. त्यांच्यासाठी ताडी हे उन्हाळ्यातले पोटभरीचे पेय होते. १८९२च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली.

महसुलासाठी ताडी-माडीला जखडणारी ही व्यवस्था ‘मद्यपान आटोक्यात आणण्या’ची भाषा बोलत होती, हे विशेष!

स्वराज्याची पहाट झाली, पण भंडाऱ्याचा कोयता मोकळा झाला नाही. मुंबई शहरात १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीही निषिद्ध केली. सवलत मिळाली ती न आंबलेल्या नीरेला, तीही परवान्याने. त्यासाठी मडक्याला आतून चुना लावायचा आणि ऊन चढण्याआधी रस उतरवायचा. चुना कमी पडला किंवा उतरवायला उशीर झाला, की त्याच मडक्यातली नीरा दुपारपर्यंत गुन्हा ठरे.