वारुळाची अळंबी

१४. अळंबी : खाण्याजोगे भूछत्र. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी पांढरी अळंबी येथे अभिप्रेत आहे. तिची प्रजाती टर्मिटोमायसिस. हे नाव रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ साली दिले. ही बुरशी वाळवी स्वतःच वारुळात पोसते. आपल्याला दिसते ती तिची मातीबाहेर आलेली छत्री.

मूळ मजकुरातली आजी अळंबी ‘पालथी करून बघते’, ते छत्रीखालच्या पातळ पडद्यांसाठी. शास्त्रज्ञ त्यांना कल्ले म्हणतात. या अळंबीचे पडदे देठाला चिकटलेले नसतात. आधी पांढरे, मग फिकट गुलाबी होतात. छत्रीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो. देठ मुळासारखा थेट वारुळाच्या पोटात उतरतो. हिसडा दिला की तुटतो आणि ओळखीची मोठी खूण मातीतच राहते. म्हणून भोवतीची माती उकरूनच ती काढावी.

छत्री रात्रभर कागदावर ठेवली, पडदे खाली करून, की बीजाणूंचा ठसा उमटतो. एलियास फ्रीसने १८२१ साली पडद्यांच्या भूछत्रांची वर्गवारी याच ठशाच्या रंगावर बसवली. गवतात उगवणाऱ्या विषारी क्लोरोफायलमचा ठसा हिरवट येतो. कोवळेपणी मात्र क्लोरोफायलमचेही पडदे पांढरेच, आणि फसगत होते ती तिथे. वारुळाच्या अळंबीसारख्या गुलाबी ठशाच्या काही जातीही विषारी आहेत. तेव्हा या टिपेच्या भरवशावर कोणी अळंबी शिजवू नये.