कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची जोडगावे. अष्टमीतले आमच्या खालाचे जुने घर गेल्या वर्षी मोडले. मुले मुंबईत आणि कुवेतमध्ये, घर उतरू लागलेले, पावसाळ्यात दर वर्षी कौले फिरवायला माणूस मिळेना. फ्लॅटचा व्यवहार झाला. खाला मे महिन्यात भाड्याच्या खोलीत गेली आणि तिथे मावणार नाही म्हणून मोठे लाकडी कपाट पडवीतच राहिले. मी पेणला राहतो. "येतो, घेऊन जातो," असे मी जूनमध्ये म्हणालो आणि गेलो दिवाळीनंतर. या उशिराची किंमत पुढे सांगतो.

मी पोहोचलो तेव्हा घर मोडणाऱ्याची माणसे वासे उतरवत होती. अशा व्यवहारात जुना माल बहुधा मोडणाऱ्याचाच ठरतो. कपाटही त्याच्या हिशेबात गेले होते. खालाच्या घरातले कपाट मी तिच्याच अंगणात तीन हजार रुपयांना विकत घेतले. खाला म्हणाली, "तुझ्या नानांनी यात कधी मला हात घालू दिला नाही, आणि तू पैसे देऊन नेतोस!" टेम्पोचे बाराशे झाले.

पेणला आणून कपाट उघडले तर वरचे तीन खण बरे होते. सर्वांत वर कुरआन शरीफ असायचे. ते खालाने आधीच नेले होते. खालचा बंद कप्पा मात्र वाळवीने भरलेला. नानांचे कागद तिथे होते. जमिनीच्या पावत्या, जहाजावरच्या नोकरीची कागदपत्रे, पत्रे. हातात घेतली तर मातीसारखी सुटली. पडवीतला एक पावसाळा त्यांना पुरला. कपाट वाचले, कागद वाचले नाहीत.

मग उरलेल्या लाकडालाच कागद समजून वाचायचे ठरवले. मेस्त्रीने मागची फळी काढली तेव्हा सगळे स्क्रू एकाच सरळ खाचेचे निघाले. अधिक चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाले आणि आपल्याकडे त्यानंतरच आले. स्क्रूंची टोके मात्र अणकुचीदार होती. तशी टोके एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली, त्याआधीची बोथट असत. म्हणजे कपाट साधारण या दोन काळांच्या मधले. मागच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वाकड्या-तिकड्या होत्या. चक्राकार यांत्रिक करवत कमानीसारख्या खुणा सोडते. ही फळी हातांनी कापलेली होती.

मेस्त्री लाकडाचा वास घेऊन म्हणाला, "बर्मा." चांगल्या सागवानाला आपले सुतार अजूनही हाच शब्द वापरतात. नुसत्या डोळ्यांनी बर्मी साग आणि कोलाब्याचा साग वेगळा सांगता येत नाही, पण या शब्दाला इतिहास आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातला साग तोडून विकत असे. कंपनी ओंडके कमी दाखवते, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला मोठा दंड केला. इंग्रजांना हे निमित्त पुरले. नोव्हेंबरमध्ये युद्ध झाले, १ जानेवारी १८८६ ला तो मुलूख खालसा झाला आणि थिबा राजाला आपल्याच कोकणात, रत्नागिरीला, कैदेत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. सागासाठी एका राजाचे राज्य गेले, आणि त्या सागाची कपाटे मुंबईपासून कोकणापर्यंत घरोघर उभी राहिली.

इथल्या सागाचीही गोष्ट सोपी नाही. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्यांनी रानावरचे गावाचे हक्क आवळले. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात लोक सत्याग्रहाला जमले. गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. तेव्हा साग बर्माचा असो की कोलाब्याचा, फळीमागे कोणाचा तरी हक्क गेलेला आहे.

काम सुरू झाले. कपाटावर हिरव्या ऑइल पेंटचे तीन थर होते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासले नाही. रंग काढायचे रसायन लावून, तोंडाला मास्क बांधून, उघड्यावर खरवडला. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरला. वाळवीने खाल्लेला भाग कापून तिथे मोडलेल्या चौकटीतली सागाची पट्टी बसवली. नवी पट्टी उठून दिसत होती. शेजारचे काका गणपतीच्या मूर्तींची आखणी करतात. त्यांनी बारीक कुंचल्याने तिच्यावर जुन्या लाकडाच्या रेषा अशा ओढल्या, की आता मलाही जागा शोधावी लागते. पैसे विचारले तर म्हणाले, "ईदला शिरखुर्मा पाठव."

पॉलिशसाठी मेलामाइन टाळले. ते चकचकीत दिसते, पण एकदा बसले की काढणे कठीण. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात दिले. लाख पुन्हा स्पिरिटने निघते, म्हणजे पुढच्या माणसाला आपली चूक सुधारता येते. पितळी कड्या चिंच-मिठाने उजळल्या. हिशेब असा: रंग काढायचे रसायन ४५०, पॉलिश पेपर २४०, वाळवीचे औषध ३८०, लाख आणि स्पिरिट ६२०, आतल्या बाजूला जवसाचे तेल २००, सागाची पट्टी ५००, मेस्त्रीचे दोन दिवस २,०००. कपाट आणि टेम्पो धरून एकूण ८,५९० रुपये.

काम करताना मेस्त्रीच्या तोंडचे शब्द ऐकत होतो. रंधा फारसी. तावदान फारसी. कुलूप हे अरबी 'कुफ्ल'. बिजागरी पोर्तुगीज 'बिसाग्रा', आणि चावीसुद्धा पोर्तुगीज. अरबी कुलूप पोर्तुगीज चावीने उघडते आणि उघडणाऱ्याला ते मराठीच वाटते, कारण ते मराठीच आहे.

हे शब्द आले कुठून, हे कुंडलिकेला विचारावे. ती खाली चौल-रेवदंड्याला समुद्राला मिळते. इ. स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. बसरा, बगदाद, ओमानहून आलेले तर होतेच, पण इथेच जन्मलेल्यांसाठी त्याने वेगळा शब्द नोंदवला: बयासिरा. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी 'इथेच जन्मलेले मुसलमान' ही नोंद घेण्याजोगी वस्ती होती. पुढे पोर्तुगीज आले आणि १७४० मध्ये गेले. बिजागरी राहिली.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. उत्तर माझ्या बोलण्यात आहे, कपाटात आहे. पण विचारणारा कागद मागतो, आणि कागद मी पडवीत भिजू दिले. ती चूक दुसऱ्या कोणाची नाही.

म्हणून एवढेच सांगायचे आहे. रोह्यात, पेणला, म्हसळ्यात, श्रीवर्धनला, जिथे जिथे आपली जुनी घरे मोडायला निघाली आहेत, तिथे वासे उतरण्याआधी कपाटे उघडा. कागद सावलीत वाळवा, लॅमिनेशन करू नका, मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि दोन नातेवाइकांकडे ठेवा. मोडणाऱ्याशी बोलताना जुन्या सामानाची यादी आधी लिहून घ्या. लाकूड आठ-नऊ हजारांत पुन्हा उभे राहते. कागद राहत नाहीत.

खाला मागच्या आठवड्यात येऊन गेली. कपाट उघडले, खालच्या कप्प्यात हात घातला, लाकूड चाचपले. तिथे आता तिची लग्नातली पत्रिका आणि घराच्या जुन्या सातबाराची प्रत ठेवली आहे. चावी तिच्याकडे दिली.