नाथांची अर्जदस्त आणि रेल्वेचा पास



काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका सप्ताहात एक तरुण कीर्तनकार सेवेला उभे होते. आयुष्याचा भरवसा नाही हे सांगताना त्यांनी लोकलच्या पासचा दृष्टान्त दिला. पासची मुदत संपलेली असते, तरी माणूस सवयीने गाडीत चढतो आणि टीसी समोर आला की खिसे चाचपतो. मंडपातले चाकरमानी खळखळून हसले. मी मात्र चहाच्या वेळी चार माणसांत त्यांना बोललो, "महाराज, ही नारदाची गादी आहे, फलाट नव्हे." ते खाली मान घालून गेले.

मुलुंडला घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी नाथांची गाथा उघडली. भारुडे निघाली, त्यात अर्जदस्त निघाली. पन्नास वर्षे वाचत आलो होतो, पण त्या दिवशी अडलो. अर्जदस्त म्हणजे सरकारदरबारी करायची विनंती. नाथांनी देहाचा परगणा केला. तिथे काम महाजन, मन देशमुख, क्रोध नाईकवाडी, आणि यमाजीपंतांची तलब आलेली. सगळी भाषा फारसी वळणाची, कचेरीतली. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. पैठणवर तेव्हा निजामशाही, आणि सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. एका पैच्या चुकीसाठी नाथ रात्रभर हिशेब तपासत बसले ही कथा आपण सारेच सांगतो. दप्तराची भाषा त्यांच्या कानात तिथेच भरली असणार. पैठणच्या रयतेला कचेरीचा धाक रोजचा होता, म्हणून यमाची तलब तिला लगेच कळली.

आणि माउली, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शब्द न् शब्द तपासून शुद्ध करणारे ते हेच नाथ! ग्रंथाच्या शब्दाला कुणी हात लावलेला त्यांना खपला नाही. स्वतःच्या भारुडात मात्र विंचू, कुत्रा, जोशी, गोंधळी सगळ्यांना जागा. हे दोन्ही एकाच माणसाला साधले, आणि मी त्यातले एकच धरून बसलो होतो. आज 'अर्ज' हा शब्द कुणाला परका वाटतो का?

गेल्या एकादशीला ते कीर्तनकार भेटले. मी क्षमा मागितली आणि पासचा दृष्टान्त अजून देता का, असे विचारले.

"त्या दिवसापासून सोडला," ते म्हणाले.

"पुन्हा द्या. मी मागे टाळकऱ्यांत उभा राहीन."

ते हसले, पाया पडले. हो मात्र म्हणाले नाहीत.