व्हरांडा आणि वर्ग : समावेशनाच्या शिकवणुकीची कोकणातील पूर्वपीठिका

शाळा-महाविद्यालये, नाट्यसंस्था, वस्तुसंग्रहालये, साहित्यसंस्था यांच्या शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना भेदभावविरोधी प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना आपल्याकडे पाश्चात्त्य वंशवादविरोधी चळवळीची देणगी म्हणून ओळखली जाते. १९७८ साली जूडी कॅट्झ यांनी अमेरिकेत गोऱ्या लोकांसाठी अशा प्रशिक्षणाची हस्तपुस्तिका सिद्ध केली. १९८०च्या दशकात ब्रिटनमधील स्थानिक शासनसंस्थांनी ही पद्धत उचलली. तिचे गृहीतक असे की, भेदभाव हा मुख्यतः भेदभाव करणाऱ्याच्या जाणिवेतील दोष आहे. ती जाणीव जागी केली की संस्था बदलते. हे गृहीतक कितपत टिकते ते पाहण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात त्याची कसोटी फार पूर्वीच लागलेली आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा आधुनिक मराठी कवितेच्या उगमापाशी पोहोचतो.

गणपतीपुळ्याच्या देवळापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचा जन्म १८६६ साली तेथे झाला. वडील शिक्षक होते. पुढे त्यांनी विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीची व्यवस्था पाहण्याचे काम पत्करले, आणि त्यामुळे केशवसुतांच्या बालपणाचा काही काळ दापोलीजवळच्या वळणे गावी गेला. शाळा आणि खोती या कोकणातील दोन संस्था कवीच्या घरातच एकत्र आल्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १८८८ साली त्यांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता लिहिली. मराठी समीक्षेने या कवितेचे योग्य ते श्रेय तिला दिले आहे. काव्यविषयाच्या कक्षेबाहेर ठेवलेले एक मूल तिच्यात प्रथमच बोलू लागले. परंतु त्या बोलण्याची दिशा मात्र फारशी तपासली गेली नाही. मूल आपला प्रश्न आईला विचारते; ज्याने त्याला दूर लोटले त्याला नव्हे. प्रश्न अंत्यजाच्या घरात उमटतो, तेथेच निरुत्तर होतो, आणि कवितेचा सवर्ण वाचक तो जणू शेजारच्या खोलीतून ऐकतो. त्याच्या मनात करुणा जागते. उत्तर देण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर येत नाही.

याच सुमारास, याच जिल्ह्यात, आणखी एक प्रश्नरूप संहिता तयार झाली. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांशी त्यांचे नाते होते. ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेत त्यांनी उच्चवर्णीयांपुढे सव्वीस प्रश्न मांडले. केशवसुतांच्या कवितेतील प्रश्न आणि वलंगकरांचे प्रश्न यांचा विषय एकच आहे : विटाळ. भेद आहे तो संबोधनाचा. येथे विचारणारा प्रौढ आहे, शास्त्राचा आधार मागणारा आहे. आणि ज्याला विचारले जाते तो समोर उभा आहे, त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा आहे. एका संहितेत प्रश्न हा भावनेचा आविष्कार होतो, तर दुसरीत तो जाब होतो. वाङ्मयेतिहासाने पहिलीला आधुनिकतेच्या प्रारंभी स्थान दिले आणि दुसरीला समाजसुधारणेच्या इतिहासाकडे पाठवून दिले. ही वाटणी केवळ वाङ्मयीन गुणवत्तेच्या निकषावर झाली, असे मानणे कठीण आहे.

या दोन संहितांच्या मागे जो प्रत्यक्ष संघर्ष होता, तो शाळेच्या दाराशी चालला होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. मुंबई सरकारची भूमिका अशी होती की, तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूचा असला तरी एका व्यक्तीसाठी हस्तक्षेप केल्यास बहुसंख्य लोक शाळेकडे पाठ फिरवतील. पुढे कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ साली सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले. तत्त्व मान्य झाले. शाळा मात्र जवळजवळ जशा होत्या तशाच राहिल्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी याचे मूळ दाखवले. महार-मांगांची मुले जातीय दुराग्रहामुळे शाळांतून व्यवहारतः वगळली जातात, हे त्यांनी नोंदवले. आणि प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील, असे सुचवले. असलेल्या शिक्षकाचे मन वळवावे यापेक्षा शिक्षक कोण होणार हेच बदलावे, असा या सूचनेचा रोख आहे. प्रशिक्षणाच्या आजच्या चर्चेत हा मुद्दा सहसा मागे पडतो.

दापोलीत या प्रश्नाने अधिक स्पष्ट रूप धारण केले. तेथे निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. त्यांना लिहिता-वाचता येत होते, सरकारशी पत्रव्यवहार कसा करायचा हे पलटणीत कळले होते, आणि निवृत्तिवेतनामुळे खोताच्या मर्जीवर ते सर्वस्वी अवलंबून नव्हते. १८९२पासून त्यांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केले. त्यातून निघालेली तडजोड अशी की, मुलांनी यावे, पण व्हरांड्यात बसावे. तेव्हा वादाचा विषय प्रवेशाकडून बैठकीकडे सरकला. नाव हजेरीपटात आहे, शरीर उंबरठ्याबाहेर आहे. कायद्याचे पालनही झाले आणि विटाळही पाळला गेला. कोकणातल्या घराच्या रचनेत ओटी, पडवी, माजघर यांनी जी माणसांची प्रतवारी केली होती, तीच शाळेच्या इमारतीने उचलली. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच दापोलीत काही काळ राहिले. त्यांचे चिरंजीव भीमराव पुढे साताऱ्याच्या शाळेत शिकले तेव्हा वर्गात त्यांची बैठक वेगळी होती. त्यासाठी गोणपाटाचा तुकडा ते घरून नेत आणि शाळा सुटल्यावर परत आणत.

रत्नागिरी शहरात यानंतर जे घडले ते आधुनिक प्रशिक्षणाच्या कल्पनेला सर्वांत जवळचे आहे. १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर तेथे स्थानबद्ध होते. शाळांतून सरमिसळ बैठक व्हावी म्हणून त्यांनी शिक्षणमंडळाशी व पालकांशी वर्षानुवर्षे झुंज दिली, व्याख्याने दिली, सवर्णांच्या घरांत स्पृश्यास्पृश्यांचे समारंभ घडवून आणले; १९२७चे ‘संगीत उःशाप’ हे नाटकही याच प्रचारकार्याचा भाग होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले. सवर्णांच्या मनःपरिवर्तनाचा इतका चिकाटीचा प्रयत्न त्या काळी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही या कार्याच्या दोन मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. एक अशी की, प्रवेश नाकारणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखण्याचे मुंबई सरकारचे धोरण १९२३पासून अमलात होते. मनःपरिवर्तनाच्या पाठीशी खजिन्याचा दाब होता. दुसरी अशी की, या समावेशनाची चौकट ‘हिंदू’ ही होती. आत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याकडेच राहिला आणि आत येणाऱ्याला चौकटीविषयी प्रश्न विचारण्यास फारसा वाव नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात ती चौकटच सोडण्याची घोषणा केली आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. शाळेतील बैठक आणि जमिनीची मालकी यांचा संबंध त्यांनी ओळखला होता. ज्याचे घर खोताच्या जागेत आहे, त्याच्या मुलाने वर्गात कोठे बसावे हे केवळ गुरुजींच्या मनावर अवलंबून नसते.

ब्रिटनमध्ये झालेली टीका या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे ती ओळखीची वाटते. श्रीलंकेतून लंडनला गेलेले विचारवंत ए. सिवानंदन यांनी १९८५ साली असे प्रतिपादले की, वंशवाद-जाणीव प्रशिक्षणाने सत्तेच्या प्रश्नाला व्यक्तिगत अपराधभावाचा प्रश्न बनवले. गोऱ्या माणसाचे मन केंद्रस्थानी आले आणि काळ्यांचा लढा कडेला गेला. १९९९च्या मॅक्फर्सन अहवालाने ‘संस्थात्मक वंशवाद’ ही संकल्पना अधिकृत चर्चेत आणली आणि दोष व्यक्तीच्या हेतूत नव्हे तर संस्थेच्या रीतींत शोधला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेसंबंधीचे विनियम काढून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. यांपैकी प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारता येतो, आणि तो दापोलीचा आहे : ज्याला आत घेतले तो नेमका कोठे बसतो?

हा प्रश्न वाङ्मयीन संस्थांनाही लागू पडतो. कोकण मराठी साहित्य परिषदेने मालगुंडला उभारलेले केशवसुत स्मारक १९९४ साली खुले झाले. गणपतीपुळ्याला येणारे प्रवासी तेथे जातात, शाळांच्या सहली जातात. अशा ठिकाणी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ वाचताना शेजारी ‘विटाळ विध्वंसन’ ठेवले, तर केशवसुतांचे मोठेपण उणे होत नाही. उलट ज्या जिल्ह्यात प्रत्यक्ष प्रश्न विचारले जात होते तेथील एका तरुण ब्राह्मण कवीला त्यांतला एक ऐकू आला, हे अधिक नेमकेपणाने कळते. अभ्यासक्रमांतही हीच गोष्ट. दलितांचे लेखन स्वतंत्र प्रकरणात, स्वतंत्र प्रश्नपत्रिकेत शिकवले जाते. एकोणिसाव्या शतकाचा मुख्य वर्ग त्याच्याविना भरतो. ही व्यवस्था कोणाच्या दुष्टाव्याने झालेली नाही. दापोलीच्या शाळेतही मुलांना व्हरांड्यात बसवणाऱ्या शिक्षकाला आपण सुधारकच आहोत असे वाटले असेल.

तेव्हा साहित्याच्या अध्यापकांचे भेदभावविरोधी प्रशिक्षण करायचेच झाले, तर त्याचा पहिला पाठ आत्मपरीक्षणाचा असण्याची गरज नाही. तो वाचनाचा असावा : कविता आणि पुस्तिका, सरकारी ठराव आणि निवृत्त शिपायांचे अर्ज हे एकाच काळाचे वाङ्मय म्हणून वाचण्याचा. आयुष्याच्या अखेरीस, १९०४ साली, केशवसुत धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि १९०५ साली हुबळीस त्यांचा मृत्यू झाला. ज्या गावाच्या सरकारी शाळेने १८५६ साली एका महार मुलाला दारातून परत पाठवले, तेच हे गाव. त्या मुलाचा अर्ज सरकारी कागदपत्रांमुळे इतिहासाला ठाऊक आहे. मराठीच्या वर्गात तो अद्याप वाचला गेलेला नाही.